सूर्य थांबल्याचा पुरावा

जी गोष्ट खोटी आहे हे मला पुरते ठाऊक होते, ती मी एका वृद्ध माणसाला खरी म्हणून सांगितली. त्यांनी ती माझ्या भरवशावर भर सभेत सांगितली, आणि तिचे हसे झाले तेव्हा मी त्याच सभेत मान खाली घालून बसून राहिलो. पुढे लोक त्या प्रसंगाला त्यांची चूक म्हणू लागले आणि मी त्यांना तसे म्हणू दिले. हे मी पत्नीलाही कधी सांगितले नव्हते. प्रार्थनेत मात्र पुष्कळदा सांगितले; परंतु प्रार्थनेत सांगणे सोपे असते, कारण तिथे ऐकणाऱ्याला ते आधीच माहीत असते.

मी धुळ्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. वडील दीपनगरच्या वीजकेंद्रात होते. यंत्रांवरच्या काट्यांची नोंद ठेवणे हे त्यांचे काम. काटा दाखवतो तेच लिहायचे, आपल्याला बरे वाटते ते नाही, एवढा एकच उपदेश त्यांनी मला आयुष्यात केला असेल. तो मी वर्गात दर वर्षी विद्यार्थ्यांना करतो. आमच्या घरी संध्याकाळची प्रार्थना कधी चुकली नाही, आणि शाळेतले विज्ञानही कधी कोणी अडवले नाही. त्यामुळे शास्त्र आणि पवित्र शास्त्र, म्हणजे आमचे बायबल, या दोहोंमध्ये भांडण आहे हे मला फार उशिरा, धुळ्यातल्या चहाच्या टपरीवर कळले.

चर्चमधली रविवारची उपासना संपली की आम्ही तिघे त्या टपरीवर थांबत असू. एक मी. दुसरा मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवणारा आमच्याच मंडळीतला मित्र, माझ्याहून दहाबारा वर्षांनी लहान आणि जिभेचा तिखट. तिसरे आबा. आबा मूळचे पिंपळनेरकडचे, प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. ते पाळक नव्हते, पण पाळकसाहेब बाहेरगावी असले की उपदेश तेच करीत, आणि खरे सांगायचे तर लोकांना तो रविवार अधिक आवडे. त्यांचा आवाज मोठा नव्हता. लहान मुलांना बाराखडी शिकवताना माणूस जसा थांबून थांबून बोलतो, तसे ते बोलत; आणि ते थांबले की पुढचे वाक्य ऐकण्यासाठी मागच्या बाकावरची माणसेही थोडी पुढे झुकत.

आमच्या वादांना धरबंध नसे. उपासनेत वचन पुस्तकातून वाचावे की फोनवरून, इथून सुरुवात होई. मग सृष्टीचे सहा दिवस चोवीस तासांचे होते काय, नोहाच्या तारवात, म्हणजे जलप्रलयातल्या त्या जहाजात, वटवाघूळ पक्ष्यांत धरले की जनावरांत, आणि नव्या फोनचा कॅमेरा खरोखर चांगला की नुसता आकडा मोठा, हे सगळे एकाच चहात येऊन जाई. मित्राचा एक ठरलेला टोमणा होता. तो म्हणे की देवाने सहा दिवसांत जग केले ते अजून चालते आहे, आणि कंपनी दोन वर्षे खपून फोन करते तो वॉरंटी संपली की बंद पडतो. आबा त्यावर हसत, पण माझ्याकडे वळून विचारत, "मग सर, यात विज्ञान कोणाच्या बाजूला?"

आबांना स्मार्टफोन घेऊन देणारा मीच. त्यांनी पैसे दिले, निवड माझी. अक्षरे मोठी कशी करायची, संदेश कसा उघडायचा, हे मी त्यांना त्याच टपरीच्या बाकावर शिकवले. ते बोट इतके जपून टेकवत की पडद्याला कळतच नसे. सगळे फोनमध्येच आहे तर तू कशाला आहेस, असे सुरुवातीला त्यांनी मित्राला आपल्या अहिराणीत विचारले होते, "बठ्ठं या फोनमा शे, मंग तू कसाले शे, भाऊ?" तो म्हणाला, "बिघडला की दुरुस्त कराले, आबा." त्यानंतर कित्येक महिने आमच्यात काहीही बिघडले की हाच संवाद पुन्हा होई.

आता जे सांगायचे आहे ते माझ्या मनाच्या तळाशी होते आणि मला बराच काळ दिसले नाही. मी वादात नेहमी एकच शब्द वापरीत असे: पुरावा. आबा एखाद्या अध्यायाचा अर्थ सांगत आणि मी सौम्यपणे विचारीत, "पण याला पुरावा काय?" माझा स्वर कधी चढला नाही. सौम्य स्वरात विचारलेला प्रश्न समोरच्याला अधिक लहान करतो, हे मला शिक्षकाच्या धंद्यात इतकी वर्षे काढूनही उमगले नव्हते. किंवा उमगले होते आणि म्हणूनच मी तो स्वर सोडत नव्हतो.

बायबलमधल्या यहोशवाच्या लढाईत त्याच्या हाकेवर सूर्य आकाशात थांबला तो अध्याय आमच्यात पुन्हा पुन्हा येई. आबांचे म्हणणे सुरुवातीला फार सुंदर होते. ते म्हणत की तो अध्याय सूर्याचा नाहीच. एका माणसाने हाक मारली आणि ती ऐकली गेली, एवढेच त्यात सांगायचे आहे. ऐकले जाणे हीच त्यातली नवलाची गोष्ट. मी त्यावर पृथ्वीचे परिवलन, वेग, समुद्राचे पाणी, सगळे मांडले. ते ऐकून घेत. पण काही आठवड्यांनी माझ्या लक्षात आले की त्यांचे उत्तर बदलत चालले आहे. ते ऐकण्याविषयी कमी आणि सूर्याविषयी जास्त बोलू लागले होते. त्यांना पुरावा हवा झाला होता. ती भूक माझी देणगी होती.

मग तो रविवार आला. मंडळीतल्या तरुणांसाठी मी तारे आणि विश्वाची उत्पत्ती यांवर तासभर बोललो होतो. चित्रे दाखवली, आकृत्या काढल्या. निम्मी मुले पेंगत होती. शेवटी आबांना दोन शब्द बोलायला सांगितले. ते उठले आणि हसत म्हणाले, "सरांचं विज्ञान त्यांच्या फोनसारखं आहे. दर वर्षी नवं येतं, आणि मागच्या वर्षीचं कोणी विचारत नाही." पेंगणारी मुले जागी झाली, सगळे हसले, मीही हसलो. आबांनी लगेच माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यात विष नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते. पण घरी जाईपर्यंत ते वाक्य माझ्यात काट्यासारखे रुतून बसले.

त्याच आठवड्यात कुठल्याशा समूहातून माझ्या फोनवर एक लांबलचक संदेश आला. कोणा परदेशी शास्त्रज्ञांनी संगणकावर ग्रहगोलांचे मागचे गणित मांडले, त्यात एक दिवस कमी भरला, आणि तो दिवस पवित्र शास्त्रातल्या त्या लढाईचा निघाला, असा त्याचा आशय. ही लोणकढी थाप फार जुनी आहे. असे गणित मुळात होऊच शकत नाही. सूर्यचंद्राची आजची जागा घेऊन मागे मागे जाता येते. पण मधला एखादा दिवस गळाला की नाही हे त्या गणिताला कळत नाही. ते कळायला त्या दिवसाच्या आधीचे, कोणीतरी लावून ठेवलेले एक घड्याळ हवे. अकरावीच्या मुलालाही हे समजावता येते.

मी तो संदेश पुसायला गेलो आणि थांबलो. मग त्यातल्या उद्गारचिन्हांच्या रांगा काढल्या. हात जोडल्याची चित्रे काढली. वाक्ये नीट, शुद्ध मराठीत लावली. वर 'पुढे पाठवलेला' अशी खूण येऊ नये म्हणून मजकूर नव्याने पाठवला. हे सारे मी शांतपणे, पेपर तपासावेत तसे केले आणि तो आबांना धाडला. येत्या रविवारी ते टपरीवर हे सांगतील, मग मी सौम्यपणे त्यातली खोट दाखवीन, मित्र हसेल आणि हिशेब फिटेल, एवढाच माझा बेत होता.

आबांनी लगेच फोन केला. त्यांचा आवाज आनंदाने थरथरत होता. त्यांनी विचारले, "सर, हे तुम्ही स्वतः पाहिलं का? खरं आहे ना? मी तुमच्याशिवाय कोणाला विचारू?"

इथे मला थांबता आले असते. मी म्हणालो, "हो आबा. बरोबर आहे."

त्या रविवारी आबा टपरीवर आलेच नाहीत. पिंपळनेरला वार्षिक मेळावा होता आणि दुपारचा उपदेश त्यांच्याकडे होता. ते आधीच गावी गेले होते. मला मेळाव्याची तारीख माहीत होती. उपदेश त्यांचा आहे हे माहीत नव्हते, असे मी स्वतःला अनेक वर्षे सांगितले. खरे म्हणजे मी विचारले नव्हते.

मित्र आणि मी दुपारी पिंपळनेरला पोहोचलो. मोठा मांडव होता, डोंगराकडून गार वारा येत होता, आसपासच्या पाड्यांवरून माणसे लेकराबाळांसह आली होती. आबा त्यांच्या स्वतःच्या माणसांत उभे होते. त्यांनी शिकवलेली कितीतरी मुले आता बाप होऊन समोर बसली होती. त्यांनी तो अध्याय वाचला, आणि मग पुस्तक मिटून म्हणाले की आता याला पुरावा मिळाला आहे, आणि तो एका जाणत्या माणसाने तपासलेला आहे. माझे नाव त्यांनी घेतले नाही. मी मांडवाच्या कडेला बसलो होतो आणि पायाखालची सतरंजी चिमटीत धरून ठेवली होती.

मेळाव्यात उपदेशानंतर तरुणांना शंका विचारू देण्याची प्रथा होती. ती माझ्याच सूचनेवरून सुरू झालेली. अभियांत्रिकी शिकणारी एक मुलगी उठली. फार आदराने बोलली ती. म्हणाली, "आबा, मी आत्ताच फोनवर बघितलं. ही गोष्ट बनावट आहे, असं गणित कोणी केलेलंच नाही. इथं बाकीच्यांनीपण बघितलंय." मागून कोणीतरी म्हणाले की आबांचा फोन नवा आहे, आबा जुने आहेत. हशा झाला. पाड्यावरची म्हातारी माणसे, बाकीचे का हसतात हे न कळून, एकमेकांकडे पाहू लागली.

आबांनी मांडवभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. ती नजर आरोप करणारी नव्हती. वर्गात एखादे गणित अडले की हुशार मुलाकडे शिक्षक जसा पाहतो, तशी ती होती. सर उठतील आणि काहीतरी सांगतील, अशी. मी माझ्या फोनकडे पाहिले. पडदा काळा होता, तरी पाहत राहिलो.

मग ते म्हणाले, "पोरी, तू बरोबर असशील. माझी चूक झाली. मी नीट चौकशी केली नाही." आणि खाली बसले.

परतीच्या गाडीत मित्र संतापला होता. आबांना ही टोपी कोणी घातली ते शोधून काढायचे आणि त्याचा फोन फुकटात फॉरमॅट करून द्यायचा, असे तो म्हणत होता. आबा पुढच्या सीटवर होते. त्यांनी मागे न वळता म्हटले की संदेश कुठून आला ते आता आठवत नाही, जाऊ द्या. आणि मग हलकेच, त्यांच्या मागेच बसलेल्या फक्त मला ऐकू येईल असे, "शिकवणाऱ्या माणसाचं नाव गेलं की मुलं ऐकत नाहीत, सर. माझं काय, मी तर निवृत्तच आहे." तेव्हा मला कळले की माझी प्रामाणिक गफलत झाली आहे असे ते समजत होते, आणि माझ्या नोकरीतल्या इभ्रतीसाठी त्यांनी ती आपल्या अंगावर घेतली होती. त्या क्षणी मी सत्य सांगितले असते तर माझी एक लाज दोन झाली असती. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

आबांनी त्यानंतर उपदेश केला नाही. कोणी विचारले की घसा बसतो म्हणत. टपरीवर येत, पण वाद मित्रात आणि माझ्यातच चाले. ते बशीत चहा ओतून निवण्याची वाट पाहत बसत. मी मुद्दाम कधी एखाद्या अध्यायाचा अर्थ विचारला तर म्हणत, "तुम्ही सांगा. तुमचं तपासलेलं असतं." हे ते कडवटपणाने म्हणत नसत, आणि म्हणूनच मी घाईने दुसरा विषय काढीत असे. मित्राने एकदा जुना संवाद काढला की काही बिघडलेच तर दुरुस्त कराले मी शे, आबा. तेव्हा ते नुसते हसले.

पुढच्या वर्षी घडले ते याहून वाईट. तरुणांसाठी 'खोटे संदेश कसे ओळखावेत' या विषयावर बोलायला मंडळीने मला बोलावले. मी नाही म्हणू शकत होतो. गेलो, चांगला बोललो आणि उदाहरण म्हणून तो हरवलेल्या दिवसाचा संदेश घेतला. नाव घेतले नाही. घ्यायची गरज नव्हती. आबा तिसऱ्या रांगेत बसले होते. कार्यक्रम संपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "छान समजावलं, सर. मला तेव्हा असं कोणी समजावलं असतं तर." त्या रात्री मी जेवलो नाही. पत्नीने विचारले तर पित्त झाले आहे म्हणालो.

काही काळाने आबा धुळे सोडून सावद्याला मुलीकडे राहायला गेले. जावई केळीच्या व्यापारात. मी फोन करीत असे, दिवाळीला, नाताळला. फोनवर आम्ही फोनविषयीच बोलत असू: बॅटरी लवकर उतरते, आवाज कमी येतो. मला प्रत्येक वेळी वाटे, आज सांगावे. फोनवर सांगणे बरोबर नाही, समोर जाऊन सांगावे, असे म्हणून मी ते पुढे ढकलीत असे. आणि समोर जाणेही पुढे ढकलीत असे.

यंदा त्यांच्या मुलीचा फोन आला. मुलीने आणि जावयाने नवे घर बांधले होते आणि घराच्या समर्पणाची उपासना ठेवली होती. ती म्हणाली, "सर, आबा आता घरच्या प्रार्थनेतसुद्धा मोठ्यानं वाचत नाहीत. नातवंडांनी त्यांचा उपदेश कधी ऐकलाच नाही. माझी इच्छा आहे की नव्या घरात पहिलं वचन त्यांनी सांगावं. तुमचं ते ऐकतात. तुम्ही तरी सांगून बघा." मी हो म्हणालो. ज्याने कुलूप लावले त्यालाच किल्ली मागावी तशी ती मागत होती, आणि तिला त्याची कल्पना नव्हती.

जळगाव, भुसावळ करीत मी गेलो. तापीच्या पुलावरून लांब दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. वडील आठवले. काटा दाखवतो तेच लिहायचे. पुलापलीकडे केळीच्या बागा सुरू होतात आणि सावद्यापर्यंत संपत नाहीत. बस घड लादलेल्या ट्रकांच्या मागे अडकत अडकत चालली होती. मी मनात वाक्ये जुळवत होतो आणि ती सगळी वाक्ये माझी बाजू मांडणारी निघत होती.

घरात नव्या रंगाचा वास होता. आबा फार वाळले होते. त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि फोन दाखवला. तोच, मी निवडलेला. काच तडकलेली होती. मी त्यांना बाजूला घेऊन मुलीची इच्छा सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली.

"नको, सर. माझ्याकडून चुकीचं सांगितलं जातं. घरात लहान मुलं आहेत. त्यांच्या मनात राहून जाईल."

"आबा, एकदाच झालं ते."

"एकदाच झालं म्हणून काय झालं? मी तीस वर्षं काय काय सांगितलं असेल, ते आता कोण तपासणार?"

तोवर मला वाटत होते की मी त्यांचे उपदेश थांबवले. त्या वाक्याने कळले की मी त्यांची मागची तीस वर्षेही काढून घेतली होती. ते रोज बसून आपलेच जुने बोलणे तपासत होते, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना शंका येत होती. मी पेरलेला पुरावा तिथवर पोहोचला होता.

उपासना सुरू झाली. गीत झाले. तिथल्या तरुण पाळकांनी प्रार्थना केली, आणि ठरल्याप्रमाणे पुस्तक आबांपुढे धरले. आबांनी ते घेतले, कपाळाला लावले आणि परत दिले. त्यांची मुलगी माझ्याकडे पाहू लागली. मी नकारार्थी मान हलवली. पाळक थोडक्यात बोलले. मग साक्षीची वेळ आली. आमच्याकडे रीत आहे: कोणी आजारातून उठला, कोणाला नोकरी लागली, तो उभा राहून दोन वाक्यांत आभार मानतो. जावयाने घर पुरे झाल्याबद्दल आभार मानले. शेजारच्या एका बाई बोलल्या. पाळकांनी विचारले, आणखी कोणी?

मी उठलो. वाटेत जुळवलेले एकही वाक्य आठवेना, आणि ते बरेच झाले. आबा मान तिरकी करून, एक कान माझ्याकडे करून ऐकू लागले, कारण त्यांना आता कमी ऐकू येते. म्हणून मला, त्यांच्याशी पहिल्यांदाच, मोठ्याने बोलावे लागले.

"आबा, सूर्य थांबल्याचा तो संदेश मी तुम्हाला पाठवला होता. माझी गफलत झाली असं तुम्ही समजत आलात. ती गफलत नव्हती. तो खोटा आहे हे मला पाठवतानाच माहीत होतं. तुम्ही मला विचारलंत, खरं आहे ना, आणि मी हो म्हणालो, कारण मला तुम्हाला हरवायचं होतं. पिंपळनेरला तुम्ही माझ्याकडे पाहिलंत तेव्हा मी उठलो नाही. नंतर तीच तुमची चूक म्हणून मी मुलांना शिकवली. तुम्ही नीट चौकशी केली होती, आबा. तुम्ही मलाच विचारलं होतं. तुमचं काहीही चुकलेलं नाही. खोटं मी बोललो. मला क्षमा करा."